अगस्तीचा पडताळा

शहरातल्या आकाशात आता पाहण्यासारखे काही उरले नाही, असे ठाण्यात, डोंबिवलीत आणि कल्याणात सर्रास ऐकू येते. या तक्रारीत तथ्य आहे. रस्त्यांवरचे दिवे, इमारतींची रोषणाई, जाहिरातफलकांचा झगमगाट आणि हवेतली धूळ यांमुळे इथून साधारण तिसऱ्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) मंद तारे दिसत नाहीत. आकाशगंगेचा पट्टा तर दिसतच नाही. म्हणूनच खगोल मंडळासारख्या हौशी संस्था रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकांना कर्जत मार्गावरच्या वांगणीला घेऊन जातात. पण ‘पुष्कळ तारे दिसत नाहीत’ या खऱ्या विधानावरून ‘आकाशाचा अभ्यास इथे होऊ शकत नाही’ हा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र चुकीचा आहे. खगोलशास्त्राचा पाया ताऱ्यांच्या संख्येवर घातला गेला नाही. एखादा तारा कोणत्या दिवशी, किती वाजता, किती उंचीवर दिसला, याच्या सातत्याने ठेवलेल्या नोंदींवर तो घातला गेला. अशी नोंद ठेवायला एक तेजस्वी तारा पुरतो, आणि शरद ऋतूत ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना त्यासाठी अगस्तीइतका योग्य तारा दुसरा नाही. तो नुसता पाहून सोडून देण्याचा तारा नाही. ऋतू, आपल्या गावाचे पृथ्वीवरचे स्थान आणि आपण श्वासात घेतो ती हवा, या तिन्हींचा पडताळा तो देतो.

आधी ताऱ्याची ओळख करून घेऊ. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, आणि त्याच्या खालोखाल अगस्ती. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे, अगस्तीची उणे ०.७४. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. दोघांच्या आकाशातल्या जागेत मात्र मोठा फरक आहे. अगस्ती खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ ५२.७ अंशांवर आहे. ठाणे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. तेव्हा साधी वजाबाकी सांगते, की ठाण्यातून अगस्ती क्षितिजापासून जास्तीत जास्त १८ अंशांपर्यंत चढणार. हात पूर्ण लांबवून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे ही उंची दोन मुठींपेक्षाही थोडी कमीच. तो दक्षिण बिंदूपासून सुमारे ३३ अंश पूर्वेकडे उगवतो, दक्षिणेला एक बसकी कमान काढतो आणि तितकाच पश्चिमेकडे सरकून मावळतो. हा सगळा प्रवास साधारण सव्वाआठ ते साडेआठ तासांत संपतो. दुपारच्या सूर्यासारखा डोक्यावर येणारा हा तारा नाही. त्याच्यासाठी दक्षिण दिशा मोकळी असलेली जागा शोधावी लागते आणि योग्य वेळ साधावी लागते.

ती वेळ शरदात पहाटेची असते. १ ऑक्टोबरला ठाण्यात अगस्ती पहाटे सव्वादोनच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला, उजाडण्याआधी, सतरा अंशांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या सर्वोच्च जागी असतो. त्यानंतर प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, या नियमाने तो मागे मागे येत जातो. १६ ऑक्टोबरला उगवण्याची वेळ सव्वाएकची, नोव्हेंबरच्या आरंभी मध्यरात्रीच्या थोडी पुढची, नोव्हेंबरच्या मध्याला रात्री सव्वाअकराची आणि डिसेंबरच्या अखेरीस रात्री सव्वाआठची. ओळखण्याची खूण सोपी आहे. ऑक्टोबरच्या पहाटे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की मृग नक्षत्र उंचावर दिसते. त्यातल्या एका रेषेतल्या तीन ताऱ्यांचा, म्हणजे बाणाचा रोख धरून खाली डावीकडे आले की व्याध सापडतो. व्याधापासून साडेतीन मुठी खाली आणि किंचित उजवीकडे पांढरट झाक असलेला जो ठळक तारा लुकलुकतो, तो अगस्ती. त्या भागात त्याच्या तोडीचा दुसरा तारा नसतो. नोव्हेंबरात रात्री साडेअकराच्या सुमारास दक्षिणेला खाली एक एकटा तेजस्वी तारा दिसतो, तो मात्र अग्रनद. अगस्ती समजून त्याची नोंद करण्याची चूक सहज होते. मृग आणि व्याध पूर्वेकडून पुरेसे वर आलेत ना, एवढे पाहिले की ती टळते. विमानाचे दिवेही याच उंचीवर दिसतात, पण मिनिटभर थांबले की ते सरकलेले कळतात.

दक्षिण क्षितिज मोकळे मिळणार कुठे, हा या पट्ट्यातला खरा प्रश्न आहे. ठाण्यात कोपरीच्या बाजूने खाडी दक्षिणेकडे पसरत जाते आणि पाण्यावर इमारती नसल्यामुळे तिथे खालचे आकाश बरेच उघडे मिळते. उंच इमारतीची दक्षिणेकडची गच्ची हाही चांगला पर्याय आहे. डोंबिवलीहून आग्नेयेला मलंगगडाची डोंगररांग आहे, आणि अगस्ती उगवतो तो साधारण त्याच दिशेला. म्हणून डोंबिवलीकराला तो गणिती उदयाच्या वेळी दिसत नाही. डोंगराच्या माथ्यापेक्षा वर चढायला त्याला थोडा वेळ लागतो. कल्याणहून हीच रांग आणखी दक्षिणेकडे सरकलेली दिसते. ज्याला आकाश पाहायचे आहे त्याला आपल्या क्षितिजाचीही ओळख करून घ्यावी लागते, आणि हे या निरीक्षणातले पहिले शिक्षण आहे. समोरची इमारत किंवा डोंगर किती अंश आकाश अडवतो, हे मुठीने किंवा कोनमापकाने मोजून ठेवले की पुढच्या प्रत्येक नोंदीला अर्थ येतो.

आता यातल्या जुन्या ज्ञानाकडे वळू, कारण अगस्तीच्या उदयाची दखल आपल्या परंपरेने बारकाईने घेतली आहे. मे महिन्यात हा तारा संध्याप्रकाशात बुडतो आणि सुमारे तीन महिने सूर्याच्या तेजामुळे दिसत नाही. नंतर एके पहाटे तो सूर्योदयापूर्वी पुन्हा दिसू लागतो, त्याला अगस्तीचा उदय म्हणतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयाला एक पूर्ण अध्याय दिला. त्यात तो सांगतो की उज्जयिनीत (आजच्या उज्जैनला) सूर्य कन्या राशीत शिरायला सात अंश उरलेले असताना अगस्ती दिसू लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा उदय प्रत्येक देशात वेगळ्या वेळी होतो आणि तो गणिताने त्या त्या जागेसाठी काढला पाहिजे, असेही तो बजावतो. त्या काळची ताऱ्यांची स्थिती आजच्या गणिताने मांडून पाहिली, तर वराहमिहिराने दिलेल्या दिवशी उज्जैनला अगस्ती सूर्याच्या एक तासाहून थोडा अधिक आधी उगवत होता असे दिसते. म्हणजे नियम प्रत्यक्षाशी जुळतो. याउलट सूर्यसिद्धांतात अगस्ती मिथुनाच्या अंती, क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, दक्षिणेला ८० अंशांवर सांगितला आहे, आणि खरे अंतर ७६ अंशांच्या आसपास आहे. चार अंशांची ही चूक उज्जैनच्या क्षितिजावर पाहणाऱ्याला सहज जाणवावी इतकी मोठी आहे. दोन्ही ग्रंथ मान्यताप्राप्त, तरी एकाचा आकडा आकाशाशी जुळतो आणि दुसऱ्याचा जुळत नाही. ग्रंथाचा मान राखूनही निवाडा आकाशाकडेच न्यावा लागतो, हे यातून दिसते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांत तफावत पडू लागली, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचून त्या कामाला गणिताची बळकट बैठक दिली. लोकमान्य टिळक पंचांगशुद्धीच्या चळवळीत उतरले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, आणि त्याआधी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती दिले ते त्याने रात्री बाहेर येऊन वर पाहावे म्हणूनच. आजही ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांगकर्ते आणि खगोल अभ्यासक अशा दोन्ही नात्यांनी लोकांना परिचित आहेत. या सगळ्या परंपरेचा गाभा ‘दृक्प्रत्यय’ हा आहे. जे लिहिले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. अगस्तीच्या बाबतीत या आग्रहाचे मोल लगेच कळते. वराहमिहिराच्या काळी सायन (ऋतूंना धरून मोजलेल्या) आणि निरयन (ताऱ्यांना धरून मोजलेल्या) राशी जवळजवळ एकच होत्या, आज त्यांत सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. सूर्य निरयन कन्येत १७ सप्टेंबरच्या सुमारास जातो. जुना नियम तसाच लावला तर उज्जैनला अगस्तीचा उदय १० सप्टेंबरच्या आसपास येतो, पण गणिताने तो ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यातच दिसायला हवा. ठाणे उज्जैनच्या चार अंश दक्षिणेला असल्यामुळे इथे तो आणखी आठवडाभर आधी, ऑगस्टच्या मध्यानंतर लगेच दिसू शकतो. ज्या वराहमिहिराने प्रत्येक देशासाठी वेगळे गणित करा असे सांगितले, त्याचाच आकडा न तपासता वापरणे म्हणजे त्याची शिकवण मोडणे होय.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गणित इतके अचूक झाले आहे, मोबाइलवरचे ॲप ताऱ्याची जागा क्षणात दाखवते, मग डोळ्यांनी पाहून आणखी काय कळणार? उत्तर असे, की गणित ताऱ्याची जागा सांगते. तो दिसेल की नाही, हे पूर्णपणे सांगत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतरची ती तारीख सपाट क्षितिज, निरभ्र आकाश आणि स्वच्छ हवा गृहीत धरते. ठाणे जिल्ह्यात त्या दिवसांत पाऊस असतो. मुंबई परिसरातून नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी फिरण्याची हवामान खात्याने ठरवलेली सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यामुळे इथला अगस्तीचा खरा पहिला दर्शनदिवस ढगांच्या फटींवर अवलंबून असतो, आणि तो बहुधा सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या आरंभी येतो. सप्टेंबरच्या मध्याला साडेपाच वाजता तो साडेतेरा अंश वर आलेला असतो, म्हणजे ढग उघडले की लगेच नजरेत भरतो. हा दिवस कोणतेही ॲप आधी सांगू शकत नाही, तो पाहणाऱ्यालाच नोंदवावा लागतो. दहा-पंधरा वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर आपल्या भागात पाऊस प्रत्यक्षात कधी ओसरतो आणि पहाटेचे आकाश कधी मोकळे होते, याचा एक स्वतंत्र आलेख तयार होतो.

याच ठिकाणी परंपरेतल्या एका मोठ्या विधानाचाही विचार करायला हवा. अगस्तीच्या उदयाने पाणी निर्मळ होते, असे आपल्याकडे मानले गेले. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरदाचे वर्णन करताना ही कल्पना घेतली, आणि चरकसंहितेत शरद ऋतूतल्या शुद्ध पाण्याच्या वर्णनात सूर्य आणि चंद्राबरोबर अगस्तीचेही नाव आहे. आजचा वाचक याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो किंवा गुप्त विज्ञान म्हणून डोक्यावर घेतो. दोन्ही घाईचे निर्णय आहेत. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचा प्रकाश तळ्यातल्या पाण्यावर काहीही परिणाम करू शकत नाही. त्या प्रकाशाची ऊर्जा चंद्रप्रकाशाच्याही तुलनेत नगण्य असते. पण पाऊस थांबल्यावर डोंगरउतारावरून येणारा गाळ कमी होतो, प्रवाह मंदावतो, पाण्यात तरंगणारी माती तळाशी बसते आणि पाणी नितळ दिसू लागते, हे खरे आहे. हे ज्या दिवसांत घडते त्याच दिवसांत अगस्ती पहाटे दिसू लागतो. तारा त्या बदलाचे कारण नाही, तो त्या बदलाची खूण आहे. छापील दिनदर्शिका नसलेल्या काळात अशी खूण अत्यंत उपयोगी होती, कारण चांद्रमासाच्या तिथी ऋतूच्या तुलनेत काही आठवडे मागेपुढे सरकतात आणि ताऱ्याचा उदय वर्षानुवर्षे त्याच दिवसांत येतो. खूण आणि कारण यांतला फरक कळला की परंपरेचा आदरही टिकतो आणि विवेकही. तो कळला नाही तर नुकसान होते. उल्हास आणि वालधुनी नद्यांत आज सांडपाणी आणि कारखान्यांतली रसायने मिसळतात. गाळ खाली बसला तरी पाण्यात विरघळलेली रसायने खाली बसत नाहीत. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, आणि ते शुद्ध करण्याचे काम माणसालाच करावे लागणार आहे.

अगस्तीची दुसरी कथा विंध्याची आहे. मी परत येईपर्यंत असाच नम्र राहा, असे विंध्य पर्वताला सांगून अगस्ती ऋषी दक्षिणेला गेले, ही गोष्ट घराघरांत ठाऊक आहे. तारा आणि कथा यांची भौगोलिक सांगड लक्षणीय आहे. दिल्लीतून अगस्ती जेमतेम पावणेनऊ अंश वर येतो, श्रीनगरहून तीन अंशांच्या आसपास, आणि ३७ अंशांच्या थोडे उत्तरेला गेले की तो क्षितिजावर येतच नाही. दक्षिणेला जावे तसतसा तो उंच होतो. नागपूरला १६ अंश, ठाण्यात १८, कोल्हापूरला साडेवीस, पणजीला जवळजवळ २२ आणि कन्याकुमारीला २९ अंश. पण या सांगडीवरून कथा इतक्या हजार वर्षांपूर्वी घडली असे आकडे काढणे योग्य नाही. कथेतला एखादा तपशील ताऱ्याशी जुळतो म्हणून ती खगोलशास्त्रीय नोंद ठरत नाही. जे खात्रीने म्हणता येते ते एवढेच, की उत्तरेकडून दक्षिणेला प्रवास करणाऱ्यांनी हा तारा वर चढताना पाहिला असणार, आणि ज्याने तो पाहिला त्याच्या हाती पृथ्वीचा आकार मोजण्याचे साधन आले होते.

ते साधन ग्रीक विचारवंत पोसिडोनियसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वापरले. ऱ्होड्‌स बेटावरून अगस्ती क्षितिजाला नुसता टेकलेला दिसतो आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका, म्हणजे साडेसात अंश वर येतो, असे त्याने धरले. त्यावरून, दोन्ही ठिकाणांमधले अंतर पृथ्वीच्या परिघाचा अठ्ठेचाळिसावा भाग असले पाहिजे, असा त्याचा तर्क होता. तर्क निर्दोष, पण मोजणी सदोष. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांतला खरा फरक सव्वापाच अंशांच्या आसपास आहे. अगदी क्षितिजालगत दिसणाऱ्या ताऱ्यावर भिस्त ठेवली की वातावरणातले वक्रीभवन आणि धूसरपणा अशी चूक करवतात. आपल्याकडे हा प्रयोग अधिक चांगला होऊ शकतो, कारण ठाण्यातच तारा १८ अंश वर असतो आणि त्या उंचीवर वक्रीभवनाचा परिणाम क्षुल्लक असतो. कोनमापकाला ओळंबा लावून केलेले साधे उपकरण अंशभराच्या चुकीत उंची देते. ठाणे आणि कोल्हापूर यांच्यात फरक केवळ अडीच अंशांचा, म्हणून एका अंशाची चूकही उत्तर पार बिघडवेल. ठाणे आणि कन्याकुमारी यांच्यातला फरक मात्र ११ अंशांचा आहे आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,२३० किलोमीटर. तिथे तीच चूक दहा टक्क्यांत राहते. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येते आणि पृथ्वीचा परीघ पुस्तकातून पाठ न करता मोजता येतो. डिसेंबरच्या सुट्टीत दक्षिणेला सहलीला जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला किंवा शाळेला हे करता येईल. त्या दिवसांत अगस्ती मध्यरात्रीच्या सुमारास सर्वोच्च जागी असतो.

आता हवेचा पडताळा. याच कामी अगस्तीचा बसकेपणा, जो एरवी अडचण वाटतो, सर्वांत उपयोगी पडतो. १८ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत तिपटीहून अधिक हवेतून आपल्यापर्यंत येतो. हवा स्वच्छ असेल तर त्या वाटेत अगस्ती पाऊण प्रतीच्या आसपास मंद होतो. हवा धूळ आणि धुराने भरली असेल तर दीड-दोन प्रतींनीही मंद होऊ शकतो. मृगातला राजन्य हा तारा प्रत्यक्षात अगस्तीहून मंद आहे, त्याची प्रत ०.१३. पण ठाण्यातून तो ६० अंशांहून उंच जातो, म्हणून त्याच्या प्रकाशाला कमी हवा ओलांडावी लागते. ऑक्टोबरच्या पहाटे दोघे एकाच वेळी आपापल्या सर्वोच्च जागांजवळ असतात. तेव्हा दोघांची तुलना करावी. अगस्ती राजन्याहून ठळक दिसला तर हवा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. दोघे सारखे दिसले तर हवा मध्यम. अगस्ती स्पष्टपणे फिका पडला तर हवेत प्रकाश अडवणारे कण भरपूर आहेत. काक्षी हा मृगातला दुसरा तेजस्वी तारा यासाठी वापरू नये, कारण त्याचे तेज स्वतःच कमीजास्त होते. पावसाने धुतलेल्या ऑक्टोबरमधली ही तुलना डिसेंबरमधल्या तुलनेशेजारी ठेवली की हिवाळ्यात आपली हवा कशी बिघडत जाते हे उघड्या डोळ्यांना दिसते.

यावर म्हटले जाईल, की डोळा हे ढोबळ उपकरण आहे आणि हवेची गुणवत्ता मोजायला यंत्रे आहेत. दोन्ही खरे. डोळ्यांना एक दशांश प्रतीचा फरक सहज कळत नाही, आणि आर्द्रता किंवा विरळ ढगही तारा मंद करतात. म्हणून एका पहाटेच्या निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. पण अर्ध्या-एका प्रतीचा फरक कोणालाही कळतो आणि पुष्कळ पहाटेंच्या नोंदींत ढगांचा योगायोग वेगळा काढता येतो. शिवाय यंत्रे ठरावीक ठिकाणी, जमिनीलगतची हवा मोजतात. ताऱ्याचा प्रकाश तिरक्या वाटेने कित्येक किलोमीटर हवेतून येतो. दोन्ही मोजण्या वेगळ्या आहेत आणि एकमेकींना पूरक आहेत. या तीन शहरांना यात एक विशेष सोय लाभली आहे. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण यांच्या अक्षांशांत जेमतेम काही शतांश अंशांचा फरक आहे. ताऱ्याचा उदय, त्याची उंची आणि त्याच्या वेळा तिन्हीकडे जवळजवळ सारख्याच असतात. त्यामुळे एकाच पहाटे कोपरीहून अगस्ती दिसला आणि डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याजवळून दिसला नाही, तर त्या फरकाचे कारण आकाशात असू शकत नाही. ते इमारतींत, दिव्यांत, धुरात किंवा ढगांतच शोधावे लागते. तारा तिन्ही शहरांना समान असल्यामुळे तो शहरांची तुलना करण्याचे माप बनतो.

अगस्तीविषयी विज्ञानाने काय शोधले, हे जाणणाऱ्याला हा ठिपका अधिक मोलाचा वाटेल. व्याध आपल्यापासून केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून तो इतका तेजस्वी दिसतो. अगस्तीचे अंतर ठरवणे दीर्घकाळ जमले नव्हते आणि अंदाजांत प्रचंड तफावत होती. हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीने, जी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, ते सुमारे ३१० प्रकाशवर्षे ठरले. इतक्या दुरून इतका ठळक दिसायचा तर तारा मुळात विलक्षण तेजस्वी असला पाहिजे. अगस्ती सूर्याच्या दहा हजार पटींहून अधिक प्रकाश फेकतो आणि त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ७० पट आहे. आज ठाण्यात दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. मराठ्यांनी ते १७३७ मध्ये जिंकले. या ताऱ्याचा उपयोग अवकाशयुगातही झाला. नोव्हेंबर १९६४ मध्ये मंगळाकडे झेपावलेल्या मरिनर ४ यानाने आपली दिशा सांभाळण्यासाठी सूर्याबरोबर अगस्तीचा आधार घेतला. तो तेजस्वी आहे आणि सूर्याच्या वार्षिक मार्गापासून खूप दूर आहे, म्हणून यानाला दिशा राखण्यासाठी तो सोयीचा ठरला. सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या गणितीला आणि विसाव्या शतकातल्या अभियंत्यांना एकाच ताऱ्याची गरज भासली, ती त्याच्या जागेच्या भरवशामुळे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोकलच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाने पहाटे उठून तारे पाहावेत ही अपेक्षा जास्तीची आहे, असे कोणी म्हणेल. पण या शहरांत पहाटे साडेपाचला असंख्य माणसे जागी आणि घराबाहेर असतात. ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारणारे, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारे, पहिल्या गाड्या पकडणारे, शिकवणीला निघालेले विद्यार्थी. त्यांना वेगळा वेळ काढायचा नाही, दक्षिणेकडे दोन मिनिटे पाहायचे आहे. नोंदीसाठी तारीख, वेळ, जागा, अगस्ती दिसला की नाही, दिसला असल्यास राजन्याच्या तुलनेत कसा आणि ढग होते का, एवढे पुरे. दुर्बिणीची गरज नाही, खर्च नाही. शाळांनी हे काम हाती घ्यावे, कारण एका वर्गाने ठेवलेली वही पुढच्या वर्गाकडे जाऊ शकते, आणि वर्षांची सलगता हीच अशा नोंदींची खरी किंमत असते. हौशी खगोलमंडळांनी तिन्ही शहरांतल्या नोंदी एका तक्त्यात आणाव्यात. तसे झाले तर काही वर्षांनी ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या नागरिकांकडे त्यांच्या पावसाच्या माघारीचा, त्यांच्या हवेचा आणि त्यांच्या दिव्यांचा स्वतः गोळा केलेला पुरावा असेल. दिवे वरून झाका, धूळ आवरा, अशी मागणी महापालिकेकडे करताना त्या पुराव्याला तक्रारीपेक्षा अधिक वजन असेल. पंचांगाने आकाशाशी जुळावे म्हणून छत्रे-केतकरांच्या पिढीने आग्रह धरला. शहरांनीही आकाशाला जागा द्यावी, हा आग्रह आता आपल्या पिढीने धरायचा आहे, आणि त्याची सुरुवात येत्या शरदात अगस्तीच्या पहिल्या नोंदीने करता येईल.